घोडामाशाचं नाव : एक दुरुस्ती

२०१२ साली आमच्या गावच्या वाचनालयाने एक स्मरणिका काढली होती. तिच्यात मी दोन पानांचं एक टिपण लिहिलं. विषय होता माझ्या मामाने सांभाळून ठेवलेला एक वाळलेला घोडामासा. हा मासा तीन ठिपक्यांच्या जातीचा, म्हणजे ‘हिप्पोकॅम्पस ट्रायमॅक्युलॅटस’ आहे, असं मी त्या टिपणात ठामपणे लिहिलं होतं. ते चूक होतं. ती चूक दुरुस्त करणं हा या लेखाचा पहिला हेतू आहे.

दुसरा हेतू त्यातूनच निघाला. माझी चूक कशी झाली हे शोधायला मी या माशाच्या नावांचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की मोठमोठ्या निसर्गअभ्यासकांनीही याच जातीच्या चुका दोनशे वर्षं केल्या आहेत. त्यांच्या पंगतीला बसण्याची माझी योग्यता नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे, कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, आणि जे काही शिकलो ते जुनी पुस्तकं वाचून आणि जाणकारांना पत्रं लिहून. पण चुकीच्या बाबतीत सगळे सारखेच असतात, एवढं मात्र मला आता कळलं आहे.

आधी वस्तूविषयी सांगतो. मामा पोस्टात होता. १९६६ ते १९६९ ही तीन वर्षं त्याची बदली मालवणला होती. तिथून येताना त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात शंखशिंपले, एक तारामासा आणि हा घोडामासा आणला. घोडामासा एका पुठ्ठ्यावर बांधलेला होता. पुठ्ठ्याच्या मागे मामाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मालवण. रापणीत मिळाला. डिसेंबर १९६७.’ आमच्या घरात या मजकुरावर कुणाचा विश्वास नव्हता. ‘मुंबईत फूटपाथवर विकत घेतला असेल,’ असं माझे वडील हसून म्हणायचे. मामा वाद घालत नसे.

पुढे मी टिपण लिहिलं तेव्हा मीही मामाच्या विरुद्ध साक्ष दिली. तीन ठिपक्यांचा घोडामासा साधारणपणे जरा खोल पाण्यात, वाळू-खडीच्या तळावर राहतो, असं मी वाचलं होतं. रापण तर किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. म्हणून मी लिहिलं, ‘नमुन्यासोबतच्या चिठ्ठीतील रापणीचा उल्लेख विश्वासार्ह वाटत नाही.’ मामाने टिपण वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि एवढंच म्हणाला, ‘तू एवढं वाचलंयस, तर तसं असेल.’ २०१६ मध्ये तो गेला.

त्यानंतर सहा वर्षांनी प्राणिशास्त्राची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या प्रकल्पात किनाऱ्यावरच्या माशांची यादी होती आणि त्या यादीत माझ्या टिपणाचा हवाला देऊन ट्रायमॅक्युलॅटसची नोंद केलेली होती. तिने सहज विचारलं, ‘काका, तुम्ही शेपटीची वलयं कुठून मोजायला सुरुवात केली?’ मला उत्तर देता आलं नाही.

हा मासा आहे, हे ठरायलाच वेळ लागला

घोडामाशाला समुद्रघोडा असंही म्हणतात. पाणघोडा मात्र वेगळा, तो आफ्रिकेतल्या नद्यांमधला अजस्र प्राणी. आपला घोडामासा बहुधा वीतभरही नसतो. डोकं घोड्यासारखं आणि धडाशी काटकोनात, तोंडाची लांब नळी, डोक्यावर तुरा, आणि शेपटीला पर नाही. ती शेपटी माकडाच्या शेपटीसारखी वळते आणि आधाराला विळखा घालते. समुद्रगवताची पाती, प्रवाळाच्या फांद्या, स्पंज, कांदळवनाची मुळं, वेळप्रसंगी जाळ्याचा दोर, जे मिळेल ते धरून हा मासा उभा राहतो आणि समोरून जाणारे बारीक कोळंबीसारखे जीव नळीने ओढून घेतो. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. अंडी मादी घालते, पण ती नराच्या पोटाखालच्या पिशवीत, आणि पिल्लं बाहेर येतात ती नरातून.

आपल्या देशात समुद्रगवताची मोठी कुरणं तमिळनाडूत, पाल्कच्या उपसागरात आणि मन्नारच्या आखातात आहेत, आणि घोडामासेही तिथे अधिक. कोकणात अशी कुरणं तुरळक. पण खाड्या आहेत, कांदळवनं आहेत, खडकांवरचं शेवाळ आहे, आणि मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळाचे पट्टेही आहेत. शेपटीला विळखा घालायला तेवढं पुरतं.

ओळखीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच्या अंगात आहे. घोडामाशाला खवले नसतात. कातडीखाली हाडांच्या पट्ट्यांची वलयं एकाखाली एक रचलेली असतात. त्यामुळे तो उन्हात ठेवला तर कुजत नाही. आकार तसाच ठेवून वाळतो. बाकीचे मासे दारूच्या बरणीत घालून युरोपात पाठवावे लागत. घोडामासा खिशातूनही जाई. म्हणून तो फार लवकर, फार दूरवर आणि फार मोठ्या संख्येने संग्रहालयांत पोचला. जे लोक त्याला नावं देणार होते, त्यांच्यापर्यंत तो पोचला तो बहुतेक वेळा असा वाळलेला, रंग उडालेला.

कार्ल लिनियसने १७५८ मध्ये ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत घोडामाशाला ‘सिंग्नॅथस हिप्पोकॅम्पस’ असं नाव दिलं. म्हणजे सुईसारख्या लांबट नळीमाशांच्याच प्रजातीत त्याला बसवलं. यात काही वावगं नव्हतं, कारण ते खरोखरच एका कुळातले आहेत. पण १७६६ मध्ये सुरू झालेल्या बाराव्या आवृत्तीत त्याने या सगळ्यांना माशांतून काढून उभयचर प्राण्यांच्या वर्गात टाकलं. ज्या माणसाने नावं ठेवण्याची पद्धत जगाला शिकवली, त्याच्याच हातून हा मासा एकदा मासाच राहिला नव्हता.

घोडामाशांना स्वतःची वेगळी प्रजाती मिळाली ती १८१० मध्ये. ती देणारा कॉन्स्टँटाइन राफिनेस्क त्या वेळी सिसिलीत राहत होता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये जन्मलेला, विद्यापीठाची पायरी न चढलेला आणि स्वतःच स्वतःला शिकवलेला हा माणूस. त्याने ‘हिप्पोकॅम्पस’ हे नाव प्रजातीला दिलं. ग्रीक भाषेत घोडा आणि समुद्रातला राक्षस अशा दोन शब्दांचा तो जोड आहे.

तीन ठिपके

मी ज्या नावाला फसलो ते नाव १८१४ मधलं. विल्यम एल्फर्ड लीच हा वैद्यक शिकलेला पण वैद्यकी न केलेला तरुण तेव्हा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काम करत होता. पूर्वेकडच्या समुद्रातून आलेल्या एका घोडामाशाच्या अंगावर त्याला तीन गडद ठिपके दिसले आणि त्याने नाव दिलं ‘ट्रायमॅक्युलॅटस’, तीन ठिपक्यांचा. हे ठिपके पाठीच्या बाजूला, धडाच्या पहिल्या, चौथ्या आणि सातव्या वलयावर असतात.

नाव सुटसुटीत आहे, चटकन लक्षात राहणारं आहे, आणि तिथेच त्याचा धोका आहे. या जातीच्या प्रत्येक माशावर ते तीन ठिपके दिसतातच असं नाही. काही माशांवर ते कातडीच्या गडद रंगात बुडून जातात. उलट दुसऱ्या जातीच्या एखाद्या माशावर कसलेतरी तीन डाग असू शकतात. जो माणूस नाव वाचून मासा ओळखायला बसतो, तो ठिपकेच शोधतो. मी तेच केलं.

बटाव्हियातला डॉक्टर

माझ्या माशाचं खरं नाव ठेवलं ते पीटर ब्लीकरने. या माणसाविषयी मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ब्लीकर १८१९ मध्ये हॉलंडमधल्या झानडाम गावी जन्मला. वडील जहाजांची शिडं शिवायचे. पोराने आधी औषधवाल्याकडे उमेदवारी केली, मग शस्त्रक्रिया शिकला आणि १८४२ मध्ये डच सैन्याचा डॉक्टर म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पोचला. तिथे तो १८६० पर्यंत राहिला. मासे हा त्याचा पेशा नव्हता. डॉक्टरकी सांभाळून, बाजारातून मासे मिळवून आणि दूरदूरच्या बेटांवरच्या अधिकाऱ्यांकडून मागवून त्याने बारा हजारांवर नमुने जमवले आणि माशांवर पाचशेच्या आसपास निबंध लिहिले. परत गेल्यावर त्याने ‘अॅटलास इक्थिऑलॉजिक’ हा रंगीत चित्रांचा प्रचंड ग्रंथ काढायला घेतला. १८७८ मध्ये तो वारला तेव्हा तो अपुराच होता.

१८५२ मध्ये सिंगापूरच्या माशांवरच्या निबंधात ब्लीकरने एका घोडामाशाला ‘हिप्पोकॅम्पस कुडा’ असं नाव दिलं. ‘कुडा’ हा मलय भाषेतला शब्द आहे. आपल्या कुड्याच्या झाडाशी त्याचा काही संबंध नाही. मलय भाषेत कुडा म्हणजे घोडा, आणि घोडामाशाला तिथले लोक ‘कुडा लाउत’, म्हणजे समुद्राचा घोडा म्हणतात. लॅटिन-ग्रीक नावांच्या गर्दीत ब्लीकरने किनाऱ्यावरच्या माणसांच्या तोंडचा शब्द नावात घातला, ही गोष्ट मला फार आवडते.

पण हाच ब्लीकर त्या काळात भराभर नावं देत होता. त्याने त्याच सुमारास दिलेली ‘टिनिऑप्टेरस’ आणि ‘मोलुकेन्सिस’ ही नावं आज कुडाचीच मानली जातात. म्हणजे एकाच माशाचं त्याने स्वतःच अनेकदा बारसं केलं. १८५५ मध्ये तर त्याने ऑस्ट्रेलियातल्या एका घोडामाशाला चित्रावरून नाव दिलं. जॉन व्हाइट हा ऑस्ट्रेलियात गेलेल्या पहिल्या ब्रिटिश ताफ्याचा मुख्य शल्यचिकित्सक. त्याच्या १७९० मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात एका घोडामाशाचं चित्र होतं. ब्लीकरने ते पाहून ‘हिप्पोकॅम्पस व्हायटाय’ असं नाव ठेवलं. गंमत अशी की ते नाव टिकलं.

या ‘व्हायटाय’ची पुढची गोष्ट इथेच सांगून टाकतो. नाव पडल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी अमांडा व्हिन्सेंट या संशोधिकेने सिडनीच्या परिसरातल्या समुद्रगवतात बुड्या मारून हाच मासा जिवंतपणी, त्याच्या घरी, दिवसेंदिवस पाहिला. त्याची नर-मादीची जोडी टिकून राहते आणि दोघं रोज सकाळी एकमेकांना भेटतात, हे तेव्हा कळलं. नाव आधी, चेहरा पुढे, आणि वागणूक सगळ्यांत शेवटी, असा या माशांच्या ओळखीचा क्रम राहिला आहे.

नावं शंभरावर, जाती चाळीस

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला घोडामाशांना मिळून शंभराहून अधिक शास्त्रीय नावं दिली गेली. जाती मात्र त्याच्या निम्म्याहून कमी. असं का झालं, याची कारणं माशातच आहेत.

पहिलं कारण रंग. घोडामासा परिसराप्रमाणे रंग बदलतो. एकच कुडा काळा, तपकिरी किंवा हळदीसारखा पिवळा असू शकतो. वाळल्यावर हे सगळे रंग जाऊन उरतो फक्त मातकट तपकिरी. दुसरं कारण कातडीचे धागे. काही घोडामाशांच्या डोक्यावर आणि पाठीवर शेवाळासारखे तंतू असतात. एकाच जातीत काहींना असतात, काहींना नसतात, आणि वाळताना तर ते गळूनच जातात. तिसरं कारण वय. पिल्लांचे काटे टोकदार असतात आणि मोठेपणी ते बोथट होतात. चौथं कारण नर-मादीच्या अंगलटीतला फरक. म्हणजे एकाच घरातले बाप, आई आणि पोर जर तीन वेगळ्या जहाजांतून तीन वेगळ्या शहरांत पोचले, तर तिघांना तीन नावं मिळण्याची सोय होती.

मग उलटी लाट आली. नावांचा पसारा आवरता आवरत नाही म्हटल्यावर हिंदी आणि प्रशांत महासागरातला जो म्हणून गुळगुळीत अंगाचा घोडामासा दिसेल त्याला ‘कुडा’ म्हणायची रीत पडली. आधी एका माशाला दहा नावं होती, आता दहा माशांना एक नाव झालं. दोन्हीकडून मासा हरवलाच.

यातून वाट काढली ती मोजणीने. अमेरिकेतल्या आयझॅक गिन्सबर्गने १९३७ मध्ये अमेरिका खंड आणि युरोपच्या किनाऱ्यांवरच्या घोडामाशांचा आढावा घेतला. त्याने रंगरूपावर न विसंबता वलयं आणि पराच्या काड्या मोजल्या. एकदोन नव्हे, पुष्कळ नमुन्यांत मोजल्या, आणि कुठली संख्या किती वेळा येते याचे तक्ते मांडले. वाळवल्याने वलयं कमी होत नाहीत की वाढत नाहीत. जे मरणानंतरही बदलत नाही, त्यावरच ओळख उभी करायची, असा हा साधा विचार होता.

पुढे सारा लॉरी, अमांडा व्हिन्सेंट आणि हेदर हॉल यांनी १९९९ मध्ये जगातल्या सगळ्या घोडामाशांची ओळखपुस्तिका केली. तिच्यात ३२ जाती होत्या. त्यासाठी वेगवेगळ्या देशांच्या संग्रहालयांतले जुने नमुने, ज्यांच्यावरून मूळ नावं दिली गेली तेही, पुन्हा काढून मोजले गेले. २०१६ मध्ये लॉरी यांनी दोन सहकाऱ्यांसह सगळ्या नावांचा पुन्हा झाडा घेतला. या वेळी जनुकांच्या अभ्यासाचीही मदत होती. त्यात ४१ जाती ग्राह्य धरल्या. कुडाचा गुंता अजून पुरता सुटलेला नाही, आणि अभ्यासक ‘कुडा-गट’ असाच शब्द वापरतात. पण ट्रायमॅक्युलॅटस आणि कुडा या दोघांत मात्र गोंधळ व्हायचं कारण नाही. तो मी केला.

मोजणी पुन्हा

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मी डबा पुन्हा काढला. दुकानातलं मोठं भिंग, एक बारीक चिमटा, दोरा आणि पट्टी घेतली, आणि या वेळी पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमानेच गेलो.

घोडामाशाची उंची मोजतात, लांबी नव्हे. तुऱ्याच्या टोकापासून सरळ केलेल्या शेपटीच्या टोकापर्यंत. वाळलेली शेपटी सरळ करायला गेलं तर मोडते, म्हणून दोरा वळणावर बसवून मग तो पट्टीवर ताणला. १२.४ सेंटिमीटर भरली. शेपटीच्या मुळाशी पिशवीची खूण नव्हती, म्हणजे मादी.

मग धडाची वलयं. पहिलं वलय गालामागच्या पराजवळचं आणि शेवटचं गुदाच्या पराच्या लगेच वरचं. हा गुदाचा पर नखाच्या कपच्यापेक्षाही लहान असतो, आणि माझ्या नमुन्यात तो तुटलेला आहे. भिंगाखाली त्याचं खुंट सापडलं. धडाची वलयं ११. दोन्ही जातींत ती अकराच असतात, त्यामुळे याने जात ठरत नाही. पण मोजणीची सुरुवात बरोबर झाली की नाही, ते ठरतं.

माझी जुनी चूक इथेच होती. २०१२ मध्ये मला तो तुटका पर दिसलाच नव्हता. पाठीचा पर जिथे सुरू होतो तिथूनच शेपूट सुरू होते असं मी धरून चाललो होतो. खरं तर पाठीचा पर धडाच्या शेवटच्या दोन वलयांवर आणि शेपटीच्या पहिल्या वलयावर पसरलेला असतो. म्हणजे धडाची दोन वलयं मी शेपटीत धरली. तेव्हा शेपटीची वलयं मी ३८ मोजली होती. ट्रायमॅक्युलॅटसमध्ये ती ३८ ते ४३ असतात, बहुतेकदा ४० किंवा ४१. कुडामध्ये ३४ ते ३८, बहुतेकदा ३६. म्हणजे ३८ हा आकडा दोन्हीकडे बसतो, एकाच्या तळाशी आणि दुसऱ्याच्या माथ्याशी. अशा वेळी थांबायचं असतं. मी थांबलो नाही. समोर तीन ठिपके दिसत होते, म्हणून मी ३८ ट्रायमॅक्युलॅटसच्या पारड्यात टाकले. धडाची वलयं तेव्हा मोजली असती तर ती नऊच भरली असती आणि चूक जागच्या जागी सापडली असती. पण ती मोजायची मला गरज वाटली नव्हती.

या वेळी शेपटीची वलयं ३६ निघाली. चार दिवस, रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एकदा अशी मोजली. चारही वेळा ३६. पाठीच्या पराच्या काड्या तुटल्या होत्या, पण त्यांची मुळं मोजता आली, ती १७. ट्रायमॅक्युलॅटसमध्ये बहुतेकदा २० असतात. गालावरचा काटा बोथट. ट्रायमॅक्युलॅटसचे गालावरचे आणि डोळ्यावरचे काटे टोकदार आणि आकड्यासारखे वळलेले असतात. तुरा मागे कललेला आणि माथ्यावर वाटीसारखा खोलगट. हे सगळं कुडाचं वर्णन आहे.

मग ते तीन ठिपके? ते मला दोन दिवस छळत होते. ते होते, आणि स्पष्ट होते. पण पहिल्या, चौथ्या आणि सातव्या वलयावर नव्हते, दुसऱ्या, पाचव्या आणि नवव्यावर होते. शेवटी डबा आवरताना मासा मामाच्या जुन्या पुठ्ठ्यावर ठेवला तेव्हा उलगडा झाला. पुठ्ठ्यावर भोकांच्या तीन जोड्या होत्या आणि एकीत बारीक लोखंडी तारेचा गंजलेला तुकडा अजून अडकलेला होता. मामाने मासा तारेने तीन ठिकाणी बांधला होता. पुढे कधीतरी कुणीतरी तो सोडवला. ठिपके भोकांच्या बरोबर समोर येत होते. मी ज्याला लीचचे तीन ठिपके समजलो, ते मामाच्या तारेचे गंजाचे डाग होते.

नावाने काय फरक पडतो

एका वाळक्या माशाचं नाव बदललं, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. मलाही कधीकधी वाटलं. पण या माशाच्या बाबतीत नावावर बरंच काही अवलंबून होतं.

वाळलेल्या घोडामाशांचा मोठा व्यापार आहे. मुख्य मागणी चिनी पारंपरिक औषधांसाठी, शिवाय मत्स्यालयांसाठी आणि शोभेच्या वस्तूंसाठी. संरक्षण द्यायचं तर कुठल्या जातीला, हा प्रश्न येतो. गोदीवर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने पोत्यातल्या हजारो वाळक्या माशांची शेपटीची वलयं मोजावीत ही अपेक्षा कशी धरणार? म्हणून कायद्याने वेगळा मार्ग धरला. भारताने २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोडामासे आणि त्यांचं सबंध कूळ घातलं. २००२ मध्ये चिलीतल्या सांतियागोच्या बैठकीत वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराने सगळी हिप्पोकॅम्पस प्रजातीच आपल्या दुसऱ्या परिशिष्टात घेतली, आणि ते मे २००४ पासून लागू झालं. त्यानंतर देशांना सुचवलेली एक मर्यादा म्हणजे उंची किमान दहा सेंटिमीटर. नाव ठरत नसेल तर निदान पट्टी लावा, असा तो उपाय आहे.

हे शहाणपणाचंच झालं. पण कुळाला संरक्षण मिळालं म्हणून जातीची ओळख करायची गरज संपत नाही. कुठल्या खाडीत कुठली जात होती आणि आज आहे की नाही, हे कळायला जुन्या नोंदीच लागतात, आणि त्या नोंदी माझ्यासारख्यांच्या टिपणांतून येतात. उथळ पाण्यातल्या कुडाची नोंद मी खोल पाण्यातल्या ट्रायमॅक्युलॅटसच्या नावावर लिहिली, म्हणजे एका जातीचं घर पुसलं आणि दुसरीला नसलेलं घर दिलं. आणि नुसत्या कायद्याने मासे वाचतात असंही नाही. घोडामाशासाठी कुणी जाळं टाकत नाही. तो इतर माशांबरोबर ट्रॉलरच्या जाळ्यात येतो, आणि जाळं तळ खरवडत जातं तेव्हा तो ज्या गवताला विळखा घालून असतो ते गवतही जातं.

कायदा वाचल्यावर मला हेही कळलं की असा नमुना घरात ठेवणं योग्य नाही. वनखात्याला कळवून, रीतसर परवानगीने, तो आता एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात दिला आहे. त्या विद्यार्थिनीनेच त्याची नवी चिठ्ठी लिहिली.

चिठ्ठी लिहिण्याआधी मी एकदा मालवणला जाऊन आलो. किनाऱ्यावर सत्तरी उलटलेले एक रापणकर जाळं सुकवत बसले होते. त्यांना फोनवरचा फोटो दाखवला. ते हसले. ‘झिला, रापणीत कधी कधी गावता ह्यो. तेका कोण खाता? परत पाण्यात टाकूचो.’ एवढं साधं उत्तर होतं. २०१२ मध्ये मला हा प्रश्न कुणालाही विचारावासा वाटला नव्हता.

कुडा उथळ पाण्यातला, खाडीतला, गवतातला मासा आहे. किनाऱ्यावरून ओढलेल्या रापणीत तो यावा यात आश्चर्य काहीच नाही. मामाचा मासा मालवणचाच होता हे नुसत्या वलयांवरून सिद्ध होत नाही, हे मी कबूल करतो. पण त्याच्या मजकुरावर शंका घेण्याचं जे कारण मी छापून दिलं होतं, ते उरलेलं नाही. म्हणून नव्या चिठ्ठीत जातीचं नाव बदललं आहे, माझं नाव ‘पूर्वीची ओळख चुकीची’ या नोंदीपुढे आहे, आणि त्याखाली मामाचा मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवला आहे : मालवण. रापणीत मिळाला. डिसेंबर १९६७.